किहीमचा पावसाळा आणि सलीम अली

अलिबागहून रेवसकडे जाणाऱ्या रस्त्यावर चोंढीचा नाका लागतो. तेथून समुद्राच्या दिशेने वळले, की नारळी-सुरूंच्या सावलीत वसलेले किहीम हे गाव येते. शनिवार-रविवारी मुंबईच्या मोटारींनी गजबजणाऱ्या या गावात १९३० साली एक सुशिक्षित, परंतु बेकार जोडपे राहावयास आले. नवऱ्याचे वय तेहतिशीच्या पुढे गेलेले. पदवी नाही, नोकरी नाही, ब्रह्मदेशातील घरचा धंदा बुडालेला आणि मुंबईत बिऱ्हाड करण्याइतके पैसेही गाठीशी नाहीत. पावसाळ्याचे दिवस होते. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांनी आपली वसाहत थाटली होती. दुसरे काहीच काम नसलेला हा गृहस्थ तासन्‌तास त्या पक्ष्यांकडे पाहत बसू लागला. भारतातील पक्षिशास्त्राला नवे वळण देणाऱ्या डॉ. सलीम अली यांच्या कार्याचा खरा आरंभ कोठे झाला, असे कोणी विचारले, तर संग्रहालयाच्या दालनापेक्षा आणि बर्लिनच्या प्रयोगशाळेपेक्षा या झाडाकडेच बोट दाखवावे लागेल.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते घरातील सर्वांत धाकटे अपत्य. एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईचेही छत्र हरपले. खेतवाडीत राहणारे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या निपुत्रिक पत्नी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना वाढविले. तय्यबजींचे घराणे मुंबईच्या सार्वजनिक जीवनात नावाजलेले होते. घरात शिकारीचा षौक होता आणि त्या काळातील सुखवस्तू घरांतील मुलांप्रमाणे सलीमच्या हातीही लहानपणीच छऱ्यांची बंदूक आली. आवारातील चिमण्या टिपणे हा त्याचा आवडता उद्योग.

अशाच एका टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा डाग दिसला. नेहमीची घरचिमणी ही नव्हे, एवढे त्या शाळकरी मुलाच्या लक्षात आले. त्याने ती मामांना नेऊन दाखविली. अमीरुद्दीन हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन भाच्याला तिकडे पाठविले. एखाद्या भारतीय मुलाने गोऱ्या साहेबाच्या कचेरीत एकट्याने जाणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. कागदात गुंडाळलेला मेलेला पक्षी घेऊन तो भीतभीतच आत शिरला. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि तेवढ्यावर न थांबता कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखविला. पक्ष्याचे कातडे कसे सोलावे, ते कसे टिकवावे, नोंद कशी ठेवावी, हे धडे त्याला पुढे याच संस्थेत मिळाले.

या संस्थेविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. १८८३ साली आठ मुंबईकरांनी तिची स्थापना केली. त्यांत सहा युरोपीय होते; उरलेले दोघे म्हणजे प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. साहेबांचा क्लब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या पायात दोन मराठी डॉक्टरांचा हात होता, ही गोष्ट मुंबईतही फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

सलीम अली शाळेत यथातथाच होते. डोकेदुखीने शिक्षणात खंड पडला. १९१३ मध्ये ते मॅट्रिक झाले, सेंट झेविअर्स महाविद्यालयात गेले आणि अभ्यासात मन न रमल्याने लवकरच बाहेर पडले. कुटुंबाचा ब्रह्मदेशात तव्हॉय येथे टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. त्याची देखभाल करण्यासाठी त्यांची रवानगी झाली. तेथील घनदाट अरण्यात खाणीपेक्षा पक्ष्यांकडेच त्यांचे लक्ष अधिक राहिले, हे वेगळे सांगावयास नको. १९१७ मध्ये परत आल्यावर त्यांनी दावर महाविद्यालयात हिशेबनीस व्हावयाचे शिक्षण घेतले आणि सेंट झेविअर्समधील फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्राचेही अध्ययन केले. १९१८ च्या डिसेंबरात त्यांचा विवाह तेहमिना यांच्याशी झाला. नवदांपत्य पुन्हा ब्रह्मदेशात गेले. पण धंदा बसला आणि काही वर्षांत दोघेही मुंबईला परतले.

येथून ओढाताणीचा काळ सुरू झाला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षितज्ज्ञाची जागा होती, पण विद्यापीठाची पदवी नसल्याने ती त्यांना मिळाली नाही. पुढे ज्यांना विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टरेट बहाल केल्या, त्या सलीम अलींना आयुष्यभर रीतसर पदवी अशी मिळालीच नाही. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात नव्याने उघडलेल्या निसर्गविज्ञान विभागात, दरमहा ३५० रुपये वेतनावर, मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. शाळकरी मुलांना काचेच्या कपाटांतील पक्षी दाखविण्याचे हे काम. दोन वर्षांतच त्यांना त्यातील मर्यादा जाणवली. त्यांनी अभ्यासरजा घेतली आणि १९२८ मध्ये बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील प्रा. एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकावयास गेले.

श्ट्रेझेमान हे त्या काळातील पक्षिशास्त्राचे मोठे नाव. पक्ष्याचे कातडे मोजून त्याला नाव देणे एवढेच या शास्त्राचे काम नाही, जिवंत पक्षी कसा वागतो आणि का वागतो, हाही अभ्यासाचा विषय आहे, हा विचार त्यांच्याभोवतीच्या वर्तुळात जोर धरत होता. हेल्गोलँड बेटावरील केंद्रात पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा मागोवा कसा घेतात, हेही सलीम अलींनी तेथे पाहिले. भारतात याहून वेगळी परंपरा होती. जेर्डन, ह्यूम आदी इंग्रज अभ्यासकांनी अफाट कष्ट करून पक्ष्यांच्या याद्या तयार केल्या होत्या. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या ॲलन ह्यूम यांनी तर पक्ष्यांची कातडी आणि अंडी मिळून ऐंशी हजारांच्या आसपास नमुने जमवून ब्रिटिश संग्रहालयाला दिले. भारतात कोणते पक्षी आढळतात, हे या मंडळींमुळे कळले. ते पक्षी जगतात कसे, याविषयीची माहिती मात्र तुटपुंजी होती.

नवी दृष्टी घेऊन सलीम अली १९३० मध्ये परतले, तेव्हा संग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली होती. दुसरी नोकरी मिळेना. म्हणून पतिपत्नींनी किहीम गाठले. योगायोग असा, की त्याच उन्हाळ्यात घरातील ज्येष्ठ, पंचाहत्तरी ओलांडलेले अब्बास तय्यबजी, महात्माजींच्या अटकेनंतर धारासणाच्या मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करताना तुरुंगात गेले होते. सारा देश ढवळून निघत असताना सलीम अली एका झाडाखाली चिमणीएवढ्या पक्ष्याच्या हालचाली टिपत होते. यावरून त्यांना कोणी दोष दिला असता, तर त्याचे उत्तर त्यांच्याजवळ त्या वेळी तरी नव्हते.

सुगरण हा कोकणातच नव्हे, तर देशभर दिसणारा पक्षी. भातशेतीच्या कडेला, विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर किंवा शिंदीच्या झावळ्यांना लोंबणारे तिचे खोपे कोणी पाहिले नाहीत? मराठीने या पक्ष्याला स्त्रीचे नाव दिले आणि विणकामाचे सारे श्रेय गृहिणीच्या पदरात टाकले. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. पावसाळा जवळ आला की त्याच्या डोक्यावर आणि छातीवर पिवळा रंग चढतो. गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडून तो पाते टोकाशी धरतो आणि उडताना त्याची लांब पट्टी सोलून घेतो. असे शेकडो धागे आणून तो आधी फांदीला गाठ मारतो, मग एक कडे तयार करतो आणि त्या कड्याभोवती टोपीसारखा अर्धवट खोपा विणतो.

येथे येऊन तो थांबतो. हा थांबा गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला असेल, पण त्याचा अर्थ लावण्याचे काम किहीममध्ये झाले. सर्व नरांचे खोपे या अवस्थेला आले, की माद्यांचा थवा वसाहतीत उतरतो. नर पंख फडफडवीत, कलकलाट करीत आपापल्या अर्धवट घराला लोंबकळतात. मादी आत शिरते, विणीला चोचीने हिसके देऊन पाहते, आवडले नाही तर निघून जाते. पसंत पडले, तर तेथे ठाण मांडते. त्यानंतरच नर उरलेले काम हाती घेतो. अंड्यांची खोली बंदिस्त होते, खाली लांब नळीसारखी वाट तयार होते आणि मादी अंडी घालते. अंडी उबविणे तिच्याकडे. आणि नर? तो लगेच शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा विणावयास घेतो, त्याच्यासाठी दुसरी मादी येते आणि हंगाम सरेपर्यंत एकाच नराचे असे एकामागून एक संसार उभे राहू शकतात. ज्याचा खोपा कोणालाच पसंत पडत नाही, त्याचे अर्धवट काम तसेच वाऱ्यावर डोलत राहते. लोक ज्याला पूर्वी नराच्या विश्रांतीची जागा किंवा पाळणा समजत, ते बहुधा हे नाकारलेले घर असते.

खोप्याच्या आत नर ओल्या मातीचे गोळे लिंपतो. रात्री उजेडासाठी त्यावर काजवे चिकटविले जातात, अशी लोकसमजूत आहे. ती गोड आहे, पण तिला निरीक्षणाचा आधार नाही.

हे सारे समजून घेण्यासाठी दुर्बीण, वही आणि वेळ एवढेच भांडवल पुरेसे होते आणि बेकारीने वेळ भरपूर दिला होता. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात सुगरणीच्या विणीविषयीचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. दुर्मीळ पक्षी नाही, दुर्गम प्रदेश नाही. दारातील पक्ष्याकडे नीट पाहून जगाला ठाऊक नसलेली गोष्ट सांगता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पक्षिशास्त्रज्ञांच्या वर्तुळात त्यांचे नाव झाले ते या लेखाने.

नाव झाले तरी पोटाचा प्रश्न सुटला नव्हता. त्या वेळी संस्थानांच्या मुलखांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. सलीम अलींनी देकार दिला, की मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च संस्थानाने सोसावा, आपण मोबदला न घेता काम करू. निजामाच्या हैदराबादपासून सुरुवात झाली. मग त्रावणकोर-कोचीन, मध्य भारतातील ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ आणि पुढे म्हैसूर, गुजरात असा हा प्रवास सुमारे दोन दशके चालला. बैलगाडी, तंबू, कंदील आणि पहाटेची पायपीट. तेहमिना या मुक्कामांत बरोबर असत. सुखवस्तू घरात वाढलेल्या या बाईंनी रानातील राहुटीचा संसार ज्या सहजतेने पेलला, त्यामुळेच हे काम उभे राहिले.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे अचानक निधन झाले. मूलबाळ नव्हते. सलीम अली बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पाली हिलला बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहावयास गेले आणि उरलेले सारे आयुष्य पक्ष्यांना दिले. हा आघात त्यांनी कामात बुडवून टाकला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण त्यांच्या उत्तरायुष्यातील एकाकी शिस्त, पहाटेच उठण्याचा हट्ट, वेळेची कडक आखणी आणि मुक्कामात घोरणाऱ्या सहकाऱ्यांवर उसळणारा प्रसिद्ध संताप, यांच्या मागे ते रिकामेपण नव्हते, असे कसे म्हणावे?

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक सोसायटीने काढले. रंगीत चित्रे आणि सामान्य वाचकाला समजेल अशी भाषा यांमुळे ते घरोघर गेले. तोवर पक्षीनिरीक्षण हा अधिकाऱ्यांचा आणि शिकाऱ्यांचा विरंगुळा होता. या पुस्तकाने तो शिक्षकाच्या, कारकुनाच्या आणि शाळकरी मुलाच्या आवाक्यात आणला. अमेरिकी पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. तोपर्यंत त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज सभासद निघून गेले आणि सोसायटी आर्थिक अडचणीत आली. सलीम अलींनी पंडित नेहरूंना पत्र लिहून सरकारी मदत मिळविली आणि संस्था तगली. पुढे मिळालेल्या गेटी पारितोषिकाची रक्कमही त्यांनी संस्थेच्याच कामासाठी दिली. स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम १९६० च्या सुमारास सुरू झाला, त्यामागचे कारण मात्र रोगाचे होते. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडतापाची साथ आढळली. त्याचे विषाणू उत्तरेकडून येणारे पक्षी गोचिडांमार्फत आणत असावेत, असा संशय होता आणि त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने पैसा पुरविला. साथीच्या भीतीतून पक्ष्यांच्या प्रवासाचा नकाशा तयार होऊ लागला.

या गंभीर माणसाला मोटारसायकलींचे विलक्षण वेड होते. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम बोटीने युरोपात नेली आणि तिच्यावरूनच फिरले. चौपन्नाव्या वर्षी फटफटीवरून दाखल झालेला हा किरकोळ देहयष्टीचा विद्वान थेट भारतातूनच गाडी हाकीत आला आहे, अशी चर्चा तेथे रंगली.

भरतपूरचा इतिहास त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे. केवलादेव घना हे भरतपूरच्या महाराजांचे बदकांच्या शिकारीचे राखीव क्षेत्र. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तसा शिलालेखच तेथे आहे. तो दिवस सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर हे पाणथळ कोरडे करून जमीन शेतीसाठी वाटावी, अशी मागणी आली, तेव्हा त्यांनी दिल्लीत आपले वजन खर्च करून ते वाचविले. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले.

याच भरतपुरात त्यांच्या अंदाजाला तडाही गेला. उद्यानातील गुराचराईवर बंदी असावी, असे त्यांचे मत होते. १९८२ मध्ये ती लागू झाली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे म्हशी चारणारे गावकरी संतापले आणि पोलिसांच्या गोळीबारात काहींचे प्राण गेले. पुढे त्यांच्याच सोसायटीने दीर्घकाळ केलेल्या अभ्यासातून उलट चित्र पुढे आले. म्हशी जे पाणगवत खात, ते आता बेसुमार माजले, उघडे पाणी कमी झाले आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. हा अहवाल १९९१ मध्ये आला. निरीक्षणावर ज्यांनी आयुष्य उभे केले, त्यांचा एक ठाम समज त्यांच्या शिष्यांच्या निरीक्षणाने खोटा ठरविला. सलीम अलींचे चरित्र सांगताना हा भाग गाळण्याची रीत आहे. ती बरोबर नाही. गोळीबारात मेलेल्या माणसांचा हिशेब त्यामुळे पुसला जात नाही.

बंदुकीच्या बाबतीतही त्यांच्याविषयी गैरसमज आहेत. त्यांनी संशोधनासाठी असंख्य पक्षी मारले आणि ते कधी लपविले नाही. नमुन्याशिवाय शास्त्र उभे राहत नाही, अशी त्यांची धारणा होती. पक्ष्यांविषयीच्या हळव्या भूतदयेपेक्षा त्यांच्या अधिवासाच्या रक्षणाला ते अधिक महत्त्व देत. केरळातील सायलेंट व्हॅलीच्या वीजप्रकल्पाला त्यांनी केलेला विरोध याच भूमिकेतून होता.

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व असे मानसन्मान येत गेले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन, शेवटचा सलीम अलींचा.

दोन पक्ष्यांचा शोध त्यांना दीर्घकाळ खुणावत राहिला. त्यांतील पहिला म्हणजे हिमालयातील पहाडी लावा. १८७६ नंतर त्याचा खात्रीलायक ठावठिकाणा कोणालाच लागला नव्हता. त्यांनी त्यासाठी डोंगर पालथे घातले आणि रिकाम्या हाताने परतले. आजवर तो कोणाला सापडलेला नाही. दुसरा होता फिनची सुगरण, किहीमच्या सुगरणीचीच मोठी बहीण. ह्यूम यांनी १८६९ मध्ये नैनितालजवळच्या कालाढुंगी येथील नमुन्यावरून तिची नोंद केली होती, पण कुमाऊँच्या तराईतून ती पुढे जणू नाहीशीच झाली होती. तेथे ती सलीम अलींना सापडली. इंग्रज अभ्यासक जॉन क्रुक यांच्यासह तिच्यावर लिहिलेला त्यांचा लेख १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वर्षी ते बासष्ट वर्षांचे होते आणि त्या लेखातही नर खोपा कसा विणतो, मादी केव्हा येते, याच्याच नोंदी होत्या.